नळी काढून बोका घरी आल्यावर: पहिल्या आठवड्यातील धोके कसे ओळखावेत

बोक्याची लघवी तुंबली, दवाखान्यात भूल देऊन मूत्रमार्गात नळी घातली, दोन-तीन दिवस सलाईन चालले, नळी निघाली आणि संध्याकाळी तो टोपलीतून घरी आला, की घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. पहिल्यांदाच मांजर पाळणाऱ्यांची चूक नेमकी इथे होते. लघवी पुन्हा तुंबण्याचा धोका नळी काढल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि पुढचा आठवडा-दीड आठवडा तो पूर्णपणे गेलेला नसतो. दवाखान्यात दर काही तासांनी मूत्राशय चाचपून पाहणारे कोणीतरी होते. घरी ते काम आपल्याकडे येते आणि ते कसे करायचे हे डिस्चार्जच्या कागदावर क्वचितच लिहिलेले असते.

हा लेख त्या कामापुरता आहे. उपचार डॉक्टरांनीच करायचे आहेत. आपण करायचे ते एवढेच, की शेवटची नीट लघवी कधी झाली हे कोणत्याही क्षणी सांगता आले पाहिजे आणि त्या उत्तरात खोट दिसली तर सकाळ होण्याची वाट न पाहता निघता आले पाहिजे.

पुन्हा का तुंबते

मांजरीचा, म्हणजे मादीचा, मूत्रमार्ग आखूड आणि तुलनेने रुंद असतो. बोक्याचा लांब असतो आणि शिस्नाजवळ अतिशय अरुंद होत जातो, त्यामुळे हा आजार मुख्यतः बोक्यांचा आहे. अडथळा दर वेळी खड्याचाच असतो असे नाही. चिकट स्राव, सुटलेल्या पेशी आणि स्ट्रुव्हाइट या खनिजाचे बारीक स्फटिक मिळून बुचासारखा गोळा तयार होतो. काही वेळा गोळाही नसतो, नुसती सूज आणि स्नायूंचे आकुंचन एवढ्यानेच वाट बंद होते. नळी घातल्याने वाट मोकळी झाली तरी आतला नाजूक थर घासला गेलेला असतो, सूज ओसरलेली नसते आणि मूळ कारणही बहुधा तसेच असते. मनावरचा ताण हे त्या कारणांपैकी एक मोठे कारण आहे. घरात गणपतीचे पाहुणे, दिवाळीचे फटाके, शेजारच्या फ्लॅटमध्ये चाललेले फरशी फोडण्याचे काम, सोसायटीच्या रंगकामासाठी खिडकीबाहेर बांधलेली परांची, यांतले काहीही संवेदनशील बोक्याला पुरेसे होते.

वाट बंद राहिली तर मूत्राशय ताणला जातो, मूत्रपिंडांवर उलटा दाब येतो, रक्तात युरिया आणि क्रिएटिनिन ही टाकाऊ द्रव्ये साचतात आणि त्याहून घातक म्हणजे पोटॅशियम वाढते. वाढलेले पोटॅशियम हृदयाचे ठोके मंद आणि अनियमित करते. पूर्ण तुंबलेला बोका चोवीस तासांत गंभीर आजारी पडू शकतो आणि उपचार झाले नाहीत तर दोन-तीन दिवसांत दगावतो. नुकत्याच एका संकटातून उठलेल्या बोक्याच्या बाबतीत तर हा हिशेब आणखी आखडता धरावा.

घरी आणण्याआधी विचारायचे प्रश्न

डिस्चार्जच्या वेळी आपले लक्ष बिलाकडे, औषधांच्या पिशवीकडे आणि टोपलीत ओरडणाऱ्या बोक्याकडे विभागलेले असते. म्हणून प्रश्न आधीच कागदावर लिहून न्यावेत. पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा, की नळी काढल्यानंतर त्याने स्वतःहून लघवी केली का, किती वेळा केली आणि धार कशी होती. उत्तर ‘अजून नाही, घरी गेल्यावर करेल’ असे आले, तर आणखी काही तास तिथेच ठेवून घेण्याची विनंती करावी. असे विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

त्यानंतर शेवटच्या रक्ततपासणीतले पोटॅशियम आणि क्रिएटिनिन किती होते, एक्स-रे किंवा सोनोग्राफीत खडा दिसला होता का, नळी घालताना अडचण आली होती का आणि मूत्रमार्गाला इजा झाल्याची शंका आहे का, हे विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर पुढे सांगितलेल्या सुजेकडे विशेष लक्ष द्यावे लागते. प्रत्येक औषधाचा शेवटचा डोस किती वाजता दिला हेही लिहून घ्यावे, कारण घरी आल्यावर ‘हा गुंगीत आहे की खरोखर खचला आहे’ हा प्रश्न पडणार आहे. सगळ्या अहवालांचे फोटो फोनमध्ये काढून ठेवावेत. रात्री दुसऱ्या दवाखान्यात जावे लागले तर तिथल्या डॉक्टरांना पहिले आकडे तेच मिळतात.

खोली, ट्रे आणि वही

पहिले तीन दिवस बोक्याला घरभर फिरू देऊ नये. एक लहान खोली द्यावी. वन रूम किचनमध्ये तेही शक्य नसेल तर मोठा पिंजरा किंवा कोपऱ्यात आडोसा करून दिलेली जागा चालते. घरात दुसरे मांजर असेल तर त्याचा ट्रे पूर्णपणे वेगळा ठेवावा, नाहीतर कोणाची लघवी मोजतो आहोत हेच कळणार नाही. मोरीत किंवा बाल्कनीतल्या कुंडीत जाण्याची सवय असलेल्या बोक्याची ती वाट बंद करावी, कारण तिथे झालेली आणि न झालेली लघवी सारखीच दिसते.

ट्रेमध्ये गोळे बांधणारे लिटर, म्हणजे मांजराच्या शी-शूसाठी घालायची माती, असेल तर मोजणी सोपी जाते. नसेल तर औषधाच्या दुकानात आजारी माणसांसाठी मिळणारे अंडरपॅड ट्रेमध्ये अंथरावे. त्यावर डागाचा आकार आणि रंग दोन्ही स्पष्ट दिसतात. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत उघडे लिटर आपोआप ओलसर लागते, त्यामुळे हाताला ओल लागली म्हणजे लघवी झाली असे समजू नये.

वहीत चारच रकाने पुरतात: वेळ, ट्रेमध्ये गेला का, गोळा किंवा डाग केवढा, आणि इतर काही, म्हणजे उलटी, खाणे, औषध. घरातल्या प्रत्येकाने त्याच वहीत लिहावे. ‘मघाशी केली वाटते त्याने’ या वाक्याला या आठवड्यात काही किंमत नाही.

हे मी स्वतः चुकून शिकलो. आमचा बोका नळी काढून शनिवारी संध्याकाळी घरी आला. रविवारभर तो वारंवार ट्रेमध्ये जात होता, बसत होता, माती ओढत होता, आणि मी समाधानाने एकेक फेरी लिहीत होतो. एकूण अकरा फेऱ्या भरल्या. सोमवारी पहाटे त्याने उलटी केली तेव्हा ट्रे चाळून पाहिला, तर त्यात आवळ्याएवढा एक गोळा आणि चार-पाच ओले ठिपके होते. मी फेऱ्या मोजल्या होत्या, लघवी मोजलीच नव्हती. दवाखान्यात पोचेपर्यंत मूत्राशय मोसंब्याएवढा टणक झाला होता.

किती लघवी म्हणजे पुरेशी

मांजराची रोजची लघवी वजनाच्या दर किलोमागे साधारण २० ते ४० मिलिलिटर असते. म्हणजे चार किलोच्या बोक्याने दिवसभरात ८० ते १६० मिलिलिटर लघवी करणे अपेक्षित आहे आणि ती बहुधा दोन ते चार वेळांत होते. घरी हे मोजायला सोपी युक्ती अशी, की बोका येण्याआधीच त्याच लिटरवर सिरिंजने ३० मिलिलिटर पाणी ओतावे आणि किती मोठा गोळा होतो ते पाहून फोटो काढून ठेवावा. नंतर प्रत्येक गोळा त्याच्याशी ताडून पाहता येतो.

नळी निघाल्यानंतर काही दिवस लघवी थोडी थोडी आणि अधिक वेळा होणे, तिला फिकट गुलाबी छटा असणे आणि शेवटी किंचित जोर लावणे हे बऱ्याच बोक्यांत दिसते, कारण आतला मार्ग अजून सुजलेला असतो. यात काळजीची रेघ कुठे ओढायची? माझ्या मते दोन गोष्टी पाहाव्यात. प्रत्येक फेरीत काही ना काही लघवी पडते आहे का, आणि दिवसाची बेरीज कालच्यापेक्षा घटत तर नाही ना. लघवी गुलाबी असली पण भरपूर असली, तर डॉक्टरांना फोनवर कळवून लक्ष ठेवता येते. लघवी स्वच्छ पिवळी असली पण फक्त थेंबभर असली, तर ते तुंबणेच धरावे. गडद लाल लघवी किंवा रक्ताच्या गुठळ्या दिसल्या तर मात्र प्रमाण कितीही असो, त्याच दिवशी दाखवावे. गुठळीनेही वाट बंद होऊ शकते.

ताबडतोब निघण्याची लक्षणे

बोका ट्रेमध्ये किंवा ट्रेबाहेर, फरशीवर, न्हाणीघरात पुन्हा पुन्हा बसतो आहे, पाठ कमानीसारखी वाकवतो आहे, ओरडतो आहे आणि लघवी येत नाही किंवा थेंबच येतात, असे दिसले तर घड्याळ पाहू नये, निघावे. तासाभराने पुन्हा बघू, हा विचार या एका प्रसंगात चालत नाही. शिस्नाचा भाग सतत चाटणे, पोटाला हात लावला की गुरगुरणे किंवा चावायला येणे, नेहमी खोलीभर हिंडणाऱ्याने पलंगाखाली दडून बसणे, ही त्याच चित्राची दुसरी अंगे आहेत.

जोर लावणे दिसत नाही, बोका शांत झोपून आहे, पण लघवीही झालेली नाही, अशा वेळी थोडा विवेक लागतो. दवाखान्यातून निघताना मूत्राशय रिकामे होते आणि औषधाची गुंगी आहे, तर पहिले काही तास लघवी न होणे समजण्यासारखे आहे. तरीही आठ तास झाले की डॉक्टरांना फोन करावा आणि बारा तास झाले की, बोका कितीही शांत असला तरी, मूत्राशय डॉक्टरांच्या हाताने तपासून घ्यावे. शांतपणा ही चांगली खूण आहे असे धरून चालणे सर्वांत धोक्याचे आहे. तुंबलेला बोका आधी ओरडतो आणि नंतर, विष अंगात भिनल्यावर, गप्प होतो.

त्या पुढच्या टप्प्याच्या खुणा लक्षात ठेवाव्यात: उलट्या, खाण्याकडे पाठ फिरवणे, कान आणि पंजे गार लागणे, उठवले तरी मान न उचलणे, चालताना मागचे पाय लटपटणे. मांजराचे नेहमीचे तापमान १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते; तुंबलेल्या बोक्यात ते खाली घसरते. नवख्या माणसाने तापमापक लावण्याच्या खटाटोपात वेळ घालवण्याचे कारण नाही, गार पडलेले पंजे पुरेसे सांगतात.

एका गैरसमजामुळे अनेक बोक्यांचा वेळ जातो. ट्रेमध्ये जोर लावणारे मांजर पाहून बहुतेकांना बद्धकोष्ठ वाटते आणि मग एरंडेल, तूप, इसबगोल असे उपाय सुरू होतात. बोका जोर लावतो आहे आणि ट्रेमध्ये गोळा नाही, तर शी झालेली असो वा नसो, आधी लघवीची शंका फेडून घ्यावी.

लघवी होत असतानाही उद्भवणारे धोके

सगळेच धोके रिकाम्या ट्रेने कळत नाहीत, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

वाट मोकळी झाल्यावर काही बोक्यांची मूत्रपिंडे साचलेले सगळे एकदम बाहेर टाकू लागतात आणि लघवीचे प्रमाण अनेक पटींनी वाढते. दवाखान्यात सलाईनने ही तूट भरून काढली जाते. पण खर्चामुळे किंवा जागेअभावी बोक्याला लवकर घरी आणले असेल, तर तो घरीच कोरडा पडू शकतो आणि या वेळी पोटॅशियम वाढण्याऐवजी घटते. ट्रे भिजून चिंब, हिरड्या चिकट, आणि बोका मान छातीकडे झुकवून बसलेला, वर उचलू न शकणारा, असे दिसले तर ती तातडीची अवस्था आहे, भले लघवी भरपूर होत असो.

ताणलेले मूत्राशय फाटले किंवा त्याला छिद्र पडले तर लघवी पोटात उतरते. पोट दिवसागणिक फुगते, हात लावू देत नाही, उलट्या होतात, बोका खचत जातो. अशा बोक्याला अधूनमधून थोडी लघवी होऊही शकते, त्यामुळे ‘सकाळी केली होती’ एवढ्यावर निश्चिंत राहू नये. मूत्रमार्ग फाटला असेल तर लघवी कातडीखाली झिरपते. गुदद्वाराखालचा भाग आणि मांड्यांची आतली बाजू सुजते, मार लागल्यासारखी निळी-जांभळी पडते. दिवसातून दोनदा शेपटी उचलून उजेडात तो भाग पाहावा आणि रोज एक फोटो काढावा, कारण सूज हळूहळू वाढली की रोज पाहणाऱ्या डोळ्याला ती जाणवत नाही.

काही बोक्यांत वाट मोकळी असते, पण फार ताणल्यामुळे मूत्राशयाच्या स्नायूतली ताकद गेलेली असते. असा बोका जिथे झोपतो तिथे ओल सापडते, शेपटीखालचे केस भिजलेले राहतात, लघवी ठिबकते, आणि घरातल्यांना वाटते की चला, होते तरी आहे. प्रत्यक्षात मूत्राशय भरलेलेच राहते. ठिबकणे म्हणजे लघवी होणे नव्हे. त्याच दिवशी दाखवावे. मूत्राशय हाताने रिकामे करण्याची पद्धत असते, पण ती डॉक्टरांनी स्वतः शिकवल्याशिवाय घरी करू नये.

श्वासाकडेही पाहावे. बोका गाढ झोपलेला असताना छाती वर-खाली होण्याची क्रिया अर्धा मिनिट मोजून दुप्पट करावी. तीसपर्यंत ठीक आहे. आकडा सातत्याने चाळीसच्या वर राहिला, पोट हलवून श्वास घेऊ लागला किंवा तोंड उघडे ठेवून श्वास घेतला, तर ताबडतोब निघावे. काही बोक्यांना आधी लक्षात न आलेला हृदयविकार असतो आणि सलाईनचे पाणी त्यांच्या फुप्फुसांत किंवा छातीत साचते.

नळीवाटे जंतुसंसर्ग होणे शक्य असते, पण तो बहुधा तासांत नव्हे, दिवसांत दिसतो: ताप, सुस्ती, लघवीला उग्र वास, पुन्हा वाढलेल्या फेऱ्या. उरलेली प्रतिजैविके आपल्या मनाने सुरू करू नयेत, लघवीची तपासणी करून घ्यावी.

खाण्याचे वेगळे सांगायला हवे. पूर्ण दोन दिवस काहीही न खाल्लेल्या मांजराच्या यकृतात चरबी साचू लागते आणि लठ्ठ बोक्यांत तो दुसराच जीवघेणा आजार ठरतो. एक दिवस अन्नाला तोंड लावले नाही तर फोन करावा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

औषधे: दिलेली आणि न द्यायची

वेदनाशामक ब्युप्रेनॉर्फिन किंवा गॅबापेन्टिन चालू असेल तर डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या दिसणे, चाल थोडी डगमगणे, झोप येणे हे अपेक्षित आहे. पण हाक मारल्यावर किंवा अन्नाचा वास आल्यावर बोक्याने प्रतिसाद दिला पाहिजे. मूत्रमार्ग सैल करण्यासाठी दिले जाणारे प्राझोसिन रक्तदाब उतरवते, त्यामुळे डोस दिल्यानंतर बोका उभा राहताच कोसळला तर पुढचा डोस थांबवून फोन करावा. मेलॉक्सिकॅमसारखे सूज-वेदना कमी करणारे औषध लिहून दिले असेल आणि बोका खात-पीत नसेल किंवा उलट्या होत असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढचा डोस देऊ नये. कोरड्या पडलेल्या शरीरात ते मूत्रपिंडांना इजा करते.

माणसांचे औषध अजिबात देऊ नये. पॅरासिटामॉल, म्हणजे आपल्या घरातली क्रोसिन, मांजराला विषासमान आहे. अर्ध्या गोळीनेही हिरड्या तपकिरी पडून, चेहरा सुजून बोका जाऊ शकतो. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांचीही तीच गत.

घरगुती उपायांची अडचण अशी, की ते चांगल्या हेतूने सुचवले जातात. सोसायटीतल्या काकू धन्याचे पाणी सांगतील, कोणी बार्लीचे पाणी, कोणी गोखरू, कोणी लघवीची जळजळ थांबवणारे माणसांचे गोड सरबती औषध. ते सरबत लघवी अल्कधर्मी करते आणि स्ट्रुव्हाइटचे स्फटिक नेमके अल्कधर्मी लघवीतच वाढतात. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असते, आणि तुंबलेल्या बोक्याचा जीव पोटॅशियमच घेते. लघवी वाढवणारी कोणतीही गोष्ट बंद वाटेवर देणे म्हणजे मोरी तुंबलेली असताना नळ पूर्ण सोडण्यासारखे आहे. आणि पोट दाबून लघवी काढण्याचा प्रयत्न तर कोणीही करू नये, ताणलेले मूत्राशय हातात फुटू शकते.

खाण्यात डॉक्टरांनी सांगितलेलेच अन्न द्यावे, शक्यतो ओले, वर चमचाभर पाणी घालून. ठाण्या-नवी मुंबईत मासळीचा वास घरोघरी असतो आणि बोका सुकट-जवळ्यासाठी हट्ट धरतो, पण सुक्या मासळीतले मीठ आणि खनिजे या काळात परवडणारी नाहीत. पथ्याच्या अन्नात रोज थोडा सुका बोंबील मिसळला तर पथ्याला अर्थ उरत नाही.

रात्री निघायची तयारी, दिवसा

आपल्याकडचे बहुतेक प्राण्यांचे दवाखाने सकाळ-संध्याकाळ उघडे असतात, दुपारी आणि रात्री बंद. म्हणून बोका घरी आला त्याच दिवशी, भर उजेडी, तीन ठिकाणी फोन करून ठेवावेत. नुसते ‘चोवीस तास सुरू आहे का’ असे विचारून भागत नाही. रात्री डॉक्टर प्रत्यक्ष हजर असतात की बोलवावे लागतात, बोक्याला नळी घालण्याची सोय आहे का, पोटॅशियम लगेच तपासता येते का आणि भरती करून घेतात का, हे चार प्रश्न विचारावेत.

ठाण्या-नवी मुंबईत जवळ सोय नसेल तर मुंबई गाठावी लागते. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय १८८३ सालापासूनचे आहे, आणि महालक्ष्मी येथे टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय २०२४ साली सुरू झाले. कोणत्या वेळी काय सुविधा मिळते हे तिथेही आधी फोनवर विचारून घ्यावे. वाहनाचा विचार त्याच वेळी करावा, कारण रिक्षा शीवच्या पुढे जात नाही. रात्री दोन वाजता रिक्षाने निघून शीवला दुसरे वाहन शोधण्याची वेळ येऊ नये. उलव्याकडून अटल सेतूने शिवडीला उतरले की परळ जवळ पडते, पण त्या पुलावर दुचाकी आणि तीनचाकी दोन्हींना बंदी आहे. घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्यांना कोंडीबद्दल मी वेगळे काय सांगणार? संध्याकाळी शंका आली तर संध्याकाळीच निघावे, एवढेच. विसर्जनाच्या दिवशी कोणते रस्ते बंद आहेत ते सकाळीच पाहून ठेवावे.

टोपलीत तळाशी अंडरपॅड आणि वर टॉवेल घालून ती दाराजवळच ठेवावी. दुचाकीवर, पिशवीत घालून नेऊ नये. बोका गार पडला असेल तर गाडीतला एसी बंद करावा. निघण्याआधी खाऊ घालू नये, कारण पोचताच भूल द्यावी लागू शकते. शक्य असल्यास तो जोर लावत असतानाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ काढावा. डॉक्टरांसमोर टेबलावर आल्यावर बोके बहुधा दगडासारखे निश्चल बसतात.

फोनवर आणि दारात पहिले वाक्य नेमके असावे: ‘बोका आहे, वय पाच, चार दिवसांपूर्वी तुंबला होता, परवा नळी काढली, शेवटची नीट लघवी काल रात्री दहाला, आता जोर लावतो आहे आणि येत नाही, पहाटे एकदा उलटी झाली.’ एवढे ऐकल्यावर रांगेत बसवून ठेवणारे डॉक्टर विरळा. तरी बसवले, तर पुन्हा सांगावे, आवाज न चढवता पण न थांबता.

शस्त्रक्रिया झाली असेल तर

वारंवार तुंबणाऱ्या बोक्याची अरुंद भाग काढून मूत्रमार्गाचे तोंड रुंद करण्याची शस्त्रक्रिया केली जाते. त्यानंतर काही दिवस टाक्यांजवळ थोडे रक्त येणे चालते. ठिबकत राहणारे रक्त चालत नाही. गळ्यातला कोन, म्हणजे चाटता येऊ नये म्हणून घातलेला शंकूसारखा पट्टा, टाके निघेपर्यंत, साधारण दहा ते चौदा दिवस, एक मिनिटही काढू नये, कारण दोन-तीन चाटण्यांतही टाके सुटू शकतात. बारीक लिटर जखमेला चिकटते, म्हणून तोवर ट्रेमध्ये वर्तमानपत्राच्या पट्ट्या घालाव्यात. धार पहिल्या आठवड्यापेक्षा तिसऱ्या आठवड्यात बारीक झाली तर जखम भरताना तोंड आक्रसते आहे अशी शंका घ्यावी. शस्त्रक्रिया झाली म्हणून तुंबणे अशक्य होत नाही आणि जंतुसंसर्गाची शक्यता उलट वाढते. मूत्राशय उघडून खडे काढले असतील तर गुलाबी लघवी काही दिवस दिसते. तिथे पोटावरचे टाके आणि पोटाचा फुगवटा यांवर नजर ठेवावी.

वही कधी मिटावी

सात दिवस लघवीची बेरीज स्थिर राहिली, जोर लावणे थांबले आणि खाणे पूर्ववत झाले, तर दर फेरी लिहिण्याची गरज उरत नाही. रोज एकदा ट्रे उपसताना गोळे मोजले तरी पुरते. एक-दोन आठवड्यांनी लघवीची, आणि मूत्रपिंडांचे आकडे चढलेले होते तर रक्ताचीही, फेरतपासणी करून घ्यावी. बोका ठणठणीत दिसत असला तरी ती टाळू नये. वही त्या दिवशी डॉक्टरांकडे सोबत न्यावी. आमच्या डॉक्टरांनी आधी वहीच चाळली, मग बोक्याला हात लावला.